ताई, बिघाड दोन होते

नमस्कार ताई,

आमच्या वॉशिंग मशीन दुरुस्तीबद्दलचा तुमचा अभिप्राय काल रात्री वाचला. घरभर पाणी, कपाटाच्या तळाची फळी फुगलेली आणि रात्री बारापर्यंत सगळं घर पुसत बसलेलं. हा त्रास तुम्हाला झाला याबद्दल मनापासून माफी मागतो. आम्हाला यायला दोन तास लागले हेही खरं आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पण तुम्ही लिहिलंय, "दुरुस्त केली म्हणाले आणि सहाव्या दिवशी पुन्हा तेच. एकाच कामाचे दोनदा पैसे उकळले." ताई, हे 'उकळले' फार लागलं. 19 वर्षं हे काम करतोय. माझ्यासकट तीन घरं या दुकानावर चालतात, आणि आता नवीन माणूस फोन करायच्या आधी हेच वाचतो. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पहिल्या वेळची तक्रार आठवा. पाणी भरताना मशीन ठीक चालत होती. कपडे धुऊन झाले आणि घाण पाणी बाहेर टाकायची वेळ आली की जमिनीवर पूर यायचा, तोही साबणाच्या करड्या पाण्याचा. म्हणजे मशीन पाणी टाकत होती, पुढचा पाइप ते घेत नव्हता. मशीनचा पंप पाणी जोरात ढकलतो. सांडपाण्याच्या पाइपात कपड्यांची लव आणि साबणाचा थर बसलेला असला, की तेवढं पाणी आत मावत नाही, तोंडातून उलटं बाहेर येतं. आमच्या दुकानातल्या पोराने आतून लवेचा मूठभर गोळा काढून तुमच्यासमोर ठेवला होता. मशीनचा पाणी बाहेर टाकणारा ड्रेन पाइपही त्यात फार आत खुपसून वरून चिकटपट्टीने बंद केलेला होता, तो सोडवून नीट लावला. तुमच्यासारख्या फ्रंट लोड मशीनला तो जमिनीपासून साधारण 60 ते 100 सेंटीमीटर उंचीवर लागतो आणि त्याच्या भोवतीने हवा जायला जागा लागते. नंतर पूर्ण धुलाई चालवून दाखवली. पाणी भरलं, ठरलेल्या पातळीला थांबलं, बाहेर गेलं, जमीन कोरडी राहिली. ते काम अजून टिकून आहे, दुसऱ्या वेळी मी स्वतः तपासलं.

दुसऱ्या वेळचं पाणी स्वच्छ होतं. तुमचेच फोनवरचे शब्द आहेत, "पावडरच्या ट्रेमधून साधं पाणी वाहतंय, थांबतच नाही." दुकान बंद झालं होतं तरी मी फोन घेतला आणि पहिलं वाक्य बोललो ते असं, की आधी मशीनच्या मागचा नळ बंद करा. पाण्यात उभं राहून प्लगला हात लावू नका, एमसीबी पाडा, म्हणजे बोर्डावरूनच वीज तोडा, हे त्यानंतर सांगितलं. नळ कित्येक महिन्यांत फिरवलेला नव्हता, तो जाम झाला होता. तुम्ही घाबरला होतात, एमसीबी पाडलात, आणि पाणी आणखी जोरात वाहायला लागलं. अभिप्रायात मात्र एवढंच आलंय की "यांनी लाइट बंद करायला लावली आणि पाणी वाढलं." असं का झालं ते सांगतो. पाणी पातळीच्या वर गेल्याचं मशीनला कळलं होतं, म्हणून ती आपणहून पंप चालवून पाणी बाहेर फेकत होती. वीज गेली आणि पंप थांबला, येणारं पाणी मात्र चालूच राहिलं. शेवटी घराचा मुख्य कॉक बंद करायला मीच सांगितलं आणि तेव्हा ते थांबलं.

वीज बंद असतानाही पाणी येतंय, यावरूनच मला बिघाड कळला होता. वीज तोडल्यावर पाणी थांबलं असतं तर दोष प्रेशर स्विचचा, त्याच्या बारीक नळीचा किंवा कार्डचा, म्हणजे मशीनच्या इलेक्ट्रॉनिक सर्किटचा, असता, कारण टब भरलाय हे मशीनला तिथूनच कळतं. वीज नसताना पाणी चालू म्हणजे मशीनमध्ये पाणी सोडणारा इनलेट व्हॉल्व्ह उघडाच अडकलाय. त्या व्हॉल्व्हमध्ये रबराचा पडदा असतो. वीज मिळाली की तो उचलला जातो, वीज गेली की स्प्रिंग आणि पाण्याचा दाब त्याला बसवतात. पडद्याखाली वाळूचा एक कण जरी अडकला तरी तो पुरता बसत नाही. तुमच्या व्हॉल्व्हमध्ये तेच निघालं.

हा कण आत गेला कसा? पाइप जिथे मशीनला जोडतात तिथे एक छोटी जाळी असते, ती कचरा अडवते. तुमच्या मशीनला ती नव्हती. तुम्हीच म्हणालात की पाणी हळू भरत होतं म्हणून ती घरच्यांनी पक्कडीने ओढून काढली. ताई, तुम्हाला दोष द्यायचा नाही, बरेच लोक असंच करतात. पण अभिप्रायात हे एका शब्दानेही आलं नाही आणि चोरीचा आळ मात्र आमच्यावर आला.

आमची चूक कुठे झाली तेही सांगतो. पहिल्या भेटीत तक्रार सांडपाण्याची होती, म्हणून पोराने पाणी आत आणणारा पाइप सोडवलाच नाही. सोडवला असता तर जाळी नाही हे तेव्हाच दिसलं असतं. हे मी मान्य करतो. यापुढे पाणी सांडण्याच्या तक्रारीला दोन्ही बाजू तपासायच्या असं सगळ्यांना सांगितलं आहे. वेळेचंही काहीतरी करतोय. दुसऱ्या भेटीच्या चार्जबद्दल तुम्ही दुकानात फोन करा, आपण बसून मिटवू. व्हॉल्व्हचे पैसे मात्र व्हॉल्व्हचेच होते, तो नवीन बसवलाय आणि जुना मी कणासकट ठेवलाय. केव्हाही येऊन बघा.

नव्या व्हॉल्व्हला जाळी आलेली आहे. पाणी परत हळू भरायला लागलं तर ती काढून टाकू नका. नळ बंद करा, पाइप सोडवा, जाळी अलगद बाहेर घेऊन जुन्या ब्रशने धुवा आणि पुन्हा बसवा. आणि तो मागचा नळ पोराने मोकळा करून दिलाय, महिन्यातून एकदा तरी फिरवत जा.