खाटेचा फोटो

पावसाळा लागला की आमच्या गडचिरोलीचा एक फोटो हमखास फिरतो. बांबूला दोरांनी टांगलेली खाट, खाटेवर गोधडीत गुंडाळलेली गरोदर बाई, कमरेएवढ्या पाण्यातून नाला ओलांडणारे चौघे-पाचजण. यंदा पुण्याच्या भाच्याने पाठवला. खाली लिहिलं होतं, "मामा, तुमच्याकडे अजून हेच?" आणि तीन रडके चेहरे.

भाच्याला तेव्हा नुसता अंगठा पाठवला. उत्तर लांबलचक होतं, ते इथे लिहितोय.

एटापल्ली तालुक्यात मी अकरा वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेवर होतो. अशी खाट एकदा माझ्याही खांद्यावर होती. सगळ्यात जड जातो तो चिखल, ओझ्याचं काही वाटत नाही. गाडी डांबरी रस्त्यावर उभी होती, पण आम्ही पोचण्याआधीच बाई वाटेत बाळंत झाली. बाई वाचली. मूल दुसऱ्या दिवशी गेलं. काही महिन्यांनी सहज चौकशी केली, तर त्या मुलाची कुठे नोंदच नव्हती. नाव ठेवलं नव्हतं, मग कोण कशाला सांगायला जाईल?

तेव्हापासून हा फोटो पाहिला की मला रागच येतो. फोटो खोटा आहे असं नाही, पण त्यात शेवटचे दोन तास दिसतात. आधीचे नऊ महिने दिसत नाहीत. तिच्या अंगात रक्त किती होतं, बीपी कुणी मोजला होता का, मलेरिया होऊन गेला होता का, हे नाला यायच्या कितीतरी आधीचं आहे. बोटाला सुई टोचून रक्त तपासतानाचा फोटो कोण फॉरवर्ड करणार?

आता जरा हिशेब. जिल्ह्याचं क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आत. म्हणजे एका चौरस किलोमीटरला ७४ माणसं. राज्याची सरासरी ३६५. सरकारी निकषाप्रमाणे आदिवासी भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र आणि २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. मैदानी भागात हेच आकडे ५,००० आणि ३०,०००. सवलत दिली, छान झालं. पण आमच्याकडे ३,००० माणसं गोळा करायला ४० चौरस किलोमीटर जंगल तुडवावं लागतं, भामरागडात त्याहून जास्त. निकष डोकी मोजतो. पाय किती चालणार, मध्ये नाले किती, हे त्याच्या रकान्यात नाही. तिथल्या नर्सबाईने महिन्याला सगळी गावं करायची ठरवली तरी पावसाळ्यातले चार महिने वजा करा.

आणि जिल्ह्याचा नकाशा वेगळा, पेशंटचा वेगळा. वडसा-कुरखेड्याचा माणूस ब्रह्मपुरीला जातो, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यात. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरहून लांब, म्हणून तिथले लोक गोदावरीचा पूल ओलांडून तेलंगणात जातात.

याच जिल्ह्यात याचं उत्तरही सापडलेलं आहे, म्हणून जास्त चिडचिड होते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हे डॉक्टर जोडपं १९८६ मध्ये इथे आलं. राणीताईंनी दोन गावांतल्या बाया तपासल्या, तर ९२ टक्क्यांना काही ना काही स्त्रीरोग निघाला. त्याआधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. १९८९ साली हे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढे ३९ गावांत त्यांनी गावातल्याच बायांना 'आरोग्यदूत' केलं. बाळाचं वजन घ्यायचं, ऊब द्यायची, श्वास मोजायचा, जंतुसंसर्ग ओळखून घरीच इंजेक्शन द्यायचं. नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आला. मोठी इमारत नाही, काचेची पेटी नाही. आणि सगळ्यात आधी त्यांनी काय केलं, तर जन्म आणि मृत्यू मोजले. एकूण एक. बिननावाचेही.

घरी जाऊन बाळ तपासायचं हे काम पुढे देशभर आशाताईंकडे आलं. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ४२ दिवसांत सहा फेऱ्या, घरी झालं तर सात. या सगळ्या फेऱ्यांचे ठरलेले पैसे २५० रुपये. एका फेरीला चाळीसेक रुपये, बाप्पा! एवढ्यात अहेरीच्या चौकात दोघांचा चहा-नाश्ता होतो.

२०२४ मध्ये राज्यात दहा नवी सरकारी मेडिकल कॉलेजं झाली, त्यांत गडचिरोलीचंही आहे. मलाही आनंद झाला, पेढा खाल्ला. इथल्या पोरांनी इथेच डॉक्टर व्हावं, नागपूरला रेफर करण्याची चिठ्ठी कमी फाटावी, कुणाला नको आहे? पण भामरागडपासून ते कॉलेज पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. कॉलेज झालं म्हणून उपकेंद्राची रिकामी खुर्ची विसरायची असेल, तर तेवढ्यापुरता मी विरोधी पक्षात.

लोक मला म्हणतात, "गुरुजी, इथले आदिवासी आधी गावच्या पुजाऱ्याकडे उपचाराला जातात, मग दवाखान्यात. अंधश्रद्धा!" अरे, पुजारी रात्री दोन वाजता दार उघडतो, त्यांच्याच माडिया भाषेत बोलतो, आधार कार्ड मागत नाही, बाहेर थांबा म्हणत नाही. आपल्या दवाखान्याने यातल्या दोन गोष्टी जरी केल्या तरी अर्धी गर्दी इकडे वळेल. बंगांनी आपल्या संस्थेच्या, शोधग्रामच्या आवारातला दवाखाना लोकांना विचारून झोपड्यांसारखा बांधला आणि नाव दिलं माँ दंतेश्वरीचं, ते उगीच नाही. शासनाने 'माहेरघर' काढलं, तारखेच्या आधीच बाईने केंद्राजवळ येऊन राहायचं. कल्पना झकास. पण घरी दोन लहान पोरं, धानाची रोवणी तोंडावर आणि माहेरघरात बोलायला आपल्या भाषेतलं कुणी नाही, तर ती किती दिवस राहील? माहेर म्हटल्यावर निदान भाषा तरी माहेरची हवी.

माझ्या जुन्या गावची आशाताई परवा बाजारात भेटली. खांद्याला तीच निळी पिशवी. म्हटलं, कसं काय चाललंय? म्हणाली, "वजनकाटा नवीन भेटला गुरुजी, चांगला आहे. नाल्यापलीकडे दोन बाया आहेत, एक ऑगस्टची, एक सप्टेंबरची. पाणी चढायच्या आधी ऑगस्टवालीला इकडे तिच्या मावशीकडे आणून ठेवतो. सासूला दोनदा समजावून झालं. उद्या तिसऱ्यांदा जातो."