लेखी संमतीचे बारा तास

मुंबईतल्या कुठल्याही ऑफिसात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: गणपतीला कोकणी माणूस सापडणार नाही. साहेबाने डोळे वटारले तरी नाही, पगार कापला तरी नाही. कोकण रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि चतुर्थीच्या आधीच्या गाड्या बघता बघता भरतात. ज्याला तिकीट मिळत नाही तो एसटीने किंवा मित्राच्या गाडीत कोंबून मुंबई-गोवा महामार्गाच्या खड्ड्यांतून जातो, पण जातो. ही सुट्टी कुठल्या कंपनीने मायेने दिलेली नाही. चाकरमानी सगळेच एकदम उठून जातात म्हणून ती मिळते. एकट्यादुकट्याने मागितली असती तर साहेबाने ‘या वर्षी जरा अॅडजस्ट कर’ म्हणून गुंडाळली असती.

मी देवगड तालुक्यातली, आता हॅम्बुर्गला राहते. कामाच्या तासांवरचा घरचा वाद इथून वाचताना मला ही गणपतीची सुट्टी सारखी आठवते. ऑक्टोबर 2023 मध्ये इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावं असं सांगितलं. जानेवारी 2025 मध्ये एल अँड टी कंपनीचे प्रमुख सुब्रह्मण्यन यांचं 90 तासांचं आणि घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार, हे बोलणं गाजलं. आमच्या गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यावर दोन दिवस विनोद चालले, मग एक गट ‘मेहनतीशिवाय देश मोठा होत नाही’ म्हणाला, दुसरा ‘तब्येत सांभाळा, योगा करा’ म्हणाला, आणि विषय आंब्याच्या मोहरावर गेला. दोन्ही गटांना एक गोष्ट मान्य होती. किती काम करायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं; कष्टाळूने जास्त, शहाण्याने बेताने. माझं भांडण नेमकं या समजुतीशी आहे.

इथे येणाऱ्या मराठी माणसाला पहिल्या वर्षी वाटतं की जर्मन लोकांना जगण्याची काही वेगळी जाण आहे. संध्याकाळी पाचला लॅपटॉप बंद, रविवारी दुकानं बंद, उन्हाळ्यात तीन आठवडे माणूस गायब आणि त्याच्या ईमेलला ‘मी रजेवर आहे’ एवढंच उत्तर. काही वर्षं राहिल्यावर कळतं की ही माणसंही आपल्यासारखीच आहेत. माझ्या विभागात बढतीसाठी रात्री दहापर्यंत बसायला तयार असलेले दोघे-तिघे आहेतच. त्यांना बसू दिलं जात नाही, इतकाच फरक. इथला कामाच्या वेळेचा कायदा 1994 चा आहे. दिवसाला आठ तास. दहापर्यंत ताणता येतात, पण सहा महिन्यांची सरासरी आठवर यायला हवी. एक दिवसाचं काम संपल्यापासून दुसऱ्या दिवसाचं सुरू होईपर्यंत सलग 11 तासांची विश्रांती. 2022 मध्ये इथल्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने सांगितलं की कामाच्या वेळेची नोंद ठेवणं मालकाला बंधनकारक आहे. पुण्यातल्या कंपनीतही मी रोज कार्ड स्वाइप करायचे, पण ते यंत्र मी नऊ तास भरले की नाही एवढंच बघायचं. तेरा तास झाले तर त्याला काही म्हणायचं नसायचं. इथे नोंद उलट्या बाजूने वाचली जाते. माझ्या विभागातला एकजण आठवडाभर रात्री काम करत होता, तेव्हा कर्मचारी समितीने बोलावून घेतलं ते त्याच्या साहेबाला.

जर्मनीचं कौतुक मात्र इथेच थांबवते, कारण इथेही वाद चालू आहे. चान्सलर मेर्झ यांनी मे 2025 मध्ये उद्योजकांच्या एका परिषदेत सांगितलं की चार दिवसांचा आठवडा आणि वर्क-लाइफ बॅलन्स यांच्या जोरावर या देशाची समृद्धी टिकणार नाही. दिवसाची मर्यादा काढून आठवड्याची ठेवावी, असं त्यांच्या सरकारचं म्हणणं आहे. इथल्या नोकरदार स्त्रियांपैकी जवळपास निम्म्या अर्धवेळ काम करतात, आणि ते सगळ्याच काही हौसेने नाही. पाळणाघरात जागा मिळत नाही, शाळा दुपारीच सुटते. संतुलनाचं गोड चित्र काढणारे या बायकांच्या पेन्शनचा हिशेब सहसा करत नाहीत.

आता घरच्या किनाऱ्याकडे येते. कामाचे तास कसे आवरायचे याचं उत्तर आमच्या बंदरावर कित्येक वर्षं टांगलेलं आहे. 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस यांत्रिक बोटींनी मासेमारीला जायचं नाही. माशांच्या विणीचा काळ, आणि पावसात खवळलेला दर्या. माझे काका आयुष्यभर ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान होते. मी पुण्यात असताना दिवाळीलाही लॅपटॉप घेऊन घरी यायचे, तेव्हा ते म्हणायचे, ‘दर्याक पन दोन म्हयने सुट्टी गावता, मगे तुका कित्याक नाय?’ मला तेव्हा हसू यायचं. आता वाटतं की सगळ्या कॉर्पोरेट सल्लागारांपेक्षा त्यांनी प्रश्न नीट मांडला होता.

बंदी चालते ती सगळ्या बोटींना एकदम लागू असते म्हणून. एकाच मालकाला वाटलं की माशांना अंडी घालू द्यावीत आणि त्याने आपली बोट ओढून ठेवली, तर मासा वाचत नाही. तो शेजारच्या जाळ्यात जातो आणि सज्जन मालकाचं कर्ज वाढतं. म्हणजे त्या काळात मासेमारी करणारा प्रत्येकजण लोभीच असतो असं नाही. बाकीचे थांबणार नाहीत याची त्याला खात्री असते. 2016 मध्ये राज्याने माशांचा थवाच्या थवा घेरणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर बंधनं आणली, 2017 मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांनी होणारी मासेमारी बंद केली, तरी चोरून दिवे लागतातच आणि किनाऱ्यावरून जाळं ओढणारे रापणकर आंदोलनाला बसतात. नियम मोडला की पहिला फटका नियम पाळणाऱ्याला बसतो. आठ तास काम करून घरी जाणाऱ्याला तेरा तासवाल्यांच्या ऑफिसात नेमकं हेच अनुभवायला मिळतं. त्याला ‘टाइम मॅनेजमेंट’चं शिबिर करायला सांगणं म्हणजे छोट्या होडीवाल्याला वल्ही जोरात मारायला सांगणं.

म्हणून मला सप्टेंबर 2025 चा महाराष्ट्र मंत्रिमंडळाचा निर्णय मूर्तींच्या वाक्यापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यावर मात्र आमच्या ग्रुपवर एकही विनोद आला नाही. कारखान्यांत दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तास, वीस किंवा जास्त कामगारांच्या दुकाना-आस्थापनांत नऊवरून दहा. तिमाहीतल्या जादा कामाची मर्यादा दोन्हीकडे 144 तास. आठवड्याचे 48 तास कायम आहेत, त्यापुढच्या कामाला जादा मोबदला आहे, आणि कामगाराची लेखी संमती लागेल, असं सरकारने आवर्जून सांगितलं. गुंतवणूक येईल, कामगाराच्या हातात पैसे येतील, हा युक्तिवाद अगदीच फोल नाही. लोटे-परशुरामच्या एमआयडीसीत कंत्राटावर जाणाऱ्या मुलाला दुप्पट दराचे दोन तास मिळाले तर तो घेईल, आणि त्याला नाकं मुरडण्याचा अधिकार हॅम्बुर्गमध्ये बसलेल्या मला नाही.

माझा आक्षेप त्या संमतीच्या कागदावर आहे. कंत्राटदारासमोर उभा राहून ‘मी सही करणार नाही’ म्हणणारा मुलगा दुसऱ्या दिवशी गेटच्या आत असेल का? मासेमारी बंदीची नोटीस अशी काढून बघा: ज्या मालकांची लेखी संमती असेल त्यांनी जून-जुलैमध्ये बोटी दर्यात न्याव्यात, बाकीच्यांनी विश्रांती घ्यावी. पहिल्या आठवड्यात सगळं बंदर सह्या करून मोकळं होईल.

गिरणगावातल्या लोकांना हे माहीत होतं. जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईच्या गिरण्यांत गेलेले आमचे पणजोबा-खापरपणजोबा आठवड्याचे सातही दिवस राबत. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि पुढे सहा वर्षं मागणी लावून धरली, तेव्हा 10 जून 1890 पासून रविवारची सुट्टी मिळाली. कुठल्याही एका गिरणीला ती एकटीने परवडली नसती. कारखान्यांचा आठवडा 54 तासांवरून 48 वर आला 1946 मध्ये, आणि त्यासाठीचं विधेयक व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळातले मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडलं होतं. त्यांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुका. म्हणजे 48 हा आकडाही बऱ्यापैकी आपल्याच मातीतला.

‘पण आपले बागायतदार 70 नाही, 100 तास काम करतात, त्यांना कोण मर्यादा घालतं?’ हा प्रश्न मला दर वर्षी विचारला जातो आणि तो योग्य आहे. मार्च ते मे आमच्या घरात कोणी झोपत नाही. पहाटे तोडणी, दुपारी वर्गवारी, रात्री पेट्या भरून वाशीच्या गाडीत चढवणं. बाबा ओट्यावरच आडवे होतात. फक्त ती बाग बाबांची आहे, भाव चढला तर पैसा त्यांचा, आणि मिरग, म्हणजे मृगाचा पाऊस, सुरू झाला की हंगाम संपतो. मूर्तींनी स्वतःची कंपनी उभी करताना जे तास घातले ते याच जातीचे होते. पगारदाराकडून मालकाचे तास मागायचे आणि मालकीतला वाटा विसरायचा, हे जमत नाही. आणि त्याच बागेत मोहर आल्यापासून खोपीत राहून दिवसरात्र राखण करणारा नेपाळी गुरखा असतो. त्याचे तास आजवर कोणी मोजलेले नाहीत. आमच्या घरानेही नाही. कामगार कायद्याचा विषय निघाला की बागायतदारांच्या बैठकीत सगळे चहा घ्यायला उठतात.

तसंच घरातल्या बाईचं. ‘बायकोकडे किती वेळ बघणार’ या वाक्यावर लोक हसले, पण 90 तासांच्या नवऱ्याचा डबा, मुलांची शाळा, सासूची औषधं कोण बघतं हे त्या वाक्यातच आहे. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला 289 मिनिटं घालवतात, पुरुष 88. वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यात दिवसभर गर काढून आलेली बाई घरी येऊन वाटण वाटते, ते या पावणेपाच तासांत येतं. हॅम्बुर्गला पोळ्यांना बाई नाही, धुण्याला नाही, त्यामुळे पाचला सुटलेली मी आठपर्यंत घरचंच करते. माझा नवराही करतो. देवगडला असतो तर केलं असतं का, असं विचारलं तर तो विषय बदलतो.

ऑफिसनंतर फोन न उचलण्याचा हक्क देणारं खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये मांडलं, डिसेंबर 2025 मध्ये पुन्हा मांडलं. खासदाराचं खासगी विधेयक संसदेत शेवटचं मंजूर झालं ते 1970 मध्ये, त्यामुळे आशा धरून बसण्यात अर्थ नाही. शिवाय ज्यांना या हक्काची सगळ्यात जास्त गरज आहे, त्यांच्या पदनामात कुठेतरी ‘मॅनेजर’ चिकटवलेलं असतं. दुकाने-आस्थापनांच्या 2017 च्या कायद्यात व्यवस्थापकीय पदावरच्यांना तासांची मर्यादा नाहीच.

माझा एक चुलतभाऊ अशाच पदावर आहे. कोविडनंतर तो गावातूनच काम करतो. सड्यावरच्या घरात रेंज बरी येते, लाईट गेली तर इन्व्हर्टर आहे, समोर समुद्र आहे. त्याचे फोटो बघून इथल्या माझ्या सहकाऱ्यांना हेवा वाटतो. तो क्लायंटच्या वेळेने चालतो, म्हणजे संध्याकाळ ते पहाट, आणि आई दुपारी जेवायला उठवते.

आणि मी ज्या पुण्याच्या टीमबरोबर काम करते, तिचंही सांगायला हवं, कारण माझे 11 तास विश्रांतीचे असले तरी ते कुणाच्या तरी संध्याकाळीवर उभे आहेत. आमची आढावा मीटिंग इथल्या दुपारी तीनला असायची. हिवाळ्यात तेव्हा पुण्यात साडेसात वाजतात. मीटिंग लांबली की नऊ. इथे कोणाच्या ते लक्षातही येत नव्हतं. मी विषय काढला, जर्मन साहेबाने एका वाक्यात मान्य केलं, आणि मीटिंग इथल्या सकाळी नऊवर आली. मला वाटलं होतं टीममधली मुलं आता सातला घरी जातील. महिन्याभराने त्यांच्यातल्या एकीला विचारलं तेव्हा कळलं की संध्याकाळ मोकळी झाल्याचं बघून त्यांच्या मॅनेजरने त्यांना अमेरिकेच्या एका क्लायंटचं जादा काम जोडून दिलं आहे. साडेसातची मीटिंग आता साडेआठला सुरू होते. ‘ताई, तुमची वेळच बरी होती,’ असं ती म्हणाली.