‘मेसेज ॲड केला की लॉग झाला’? नाही, झाला नाही

सॅप या व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्ये एबॅप (त्याची प्रोग्रामिंग भाषा) लिहिणाऱ्यांत लॉगबद्दल, म्हणजे प्रोग्रामने ठेवलेल्या नोंदींबद्दल, एक सल्ला फिरतोय: ‘बीएएल_लॉग_एमएसजी_ॲड हे फंक्शन मॉड्यूल कॉल करा, मेसेज थेट एसएलजी१ मध्ये (लॉग बघायच्या स्क्रीनवर) दिसेल.’ हे अर्धंच खरं आहे.

हे फंक्शन मेसेज फक्त मेमरीत ठेवतं. प्रोग्राम संपला की तोही गेला. आधी बीएएल_लॉग_क्रिएटने लॉग उघडून त्याचं हँडल (त्या लॉगची ओळखखूण) घ्यायचं, मग मेसेज घालायचे आणि शेवटी बीएएल_डीबी_सेव्ह. हा शेवटचा कॉल झाल्याशिवाय डेटाबेसमध्ये काहीच उतरत नाही. आणि सेव्ह करायचं तर लॉगचा ऑब्जेक्ट (लॉग कोणत्या प्रकारचा ते सांगणारं नाव) एसएलजी० या स्क्रीनवर आधी नोंदवलेला हवा.

‘सेव्ह केलं तरी लॉग दिसत नाही’ ही तक्रारही ऐकू येते. बहुतेकदा गुन्हेगार असतो रोलबॅक, म्हणजे डेटाबेसमधले अजून कायम न झालेले बदल मागे घेणं. समजा पोस्टिंग (व्यवहाराची नोंद) फसलं, तुम्ही एररचा मेसेज घातला, सेव्ह केलं आणि पुढच्याच ओळीत रोलबॅक वर्क. पोस्टिंगबरोबर लॉगही पुसला जातो, म्हणजे नेमका जेव्हा तो हवा होता तेव्हाच! अशा वेळी बीएएल_डीबी_सेव्हला आय_२टीएच_कनेक्शन आणि आय_२टीएच_कनेक्ट_कमिट या दोन्हींत ‘एक्स’ (म्हणजे ‘हो’) द्या (स्पेलिंग विचित्र आहे, पण तसंच आहे). लॉग डेटाबेसच्या वेगळ्या कनेक्शनवरून लिहिला जाऊन तिथेच कमिट, म्हणजे कायम होतो. नाहीतर सरळ रोलबॅक आधी करा, सेव्ह नंतर, आणि त्यानंतर कमिट.

सेव्ह मात्र लूपमध्ये दर मेसेजला करू नका. शेवटी एकदाच पुरे.