सातच्या आकड्याबद्दल खुलासा
‘माणसाच्या डोक्यात एका वेळी सातच गोष्टी मावतात, हे सिद्ध झालंय’ असा मेसेज फिरतोय. तो अर्धवट आहे. सातचा आकडा मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या १९५६च्या लेखातला. पण त्यांचा भर सुट्या अंकांवर नव्हे, अर्थाने जोडलेल्या गठ्ठ्यांवर होता. १९१४१९३९२००० हे बारा अंक एकेक धरायला गेलात तर निसटतात. तीन सालं म्हणून वाचा, सहज राहतात. पुढे मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी २००१मध्ये मांडलं, की मनात उजळणीला वाव नसेल तर मर्यादा चार गठ्ठ्यांच्या आसपास येते.

शिवाय गोष्टी क्षणभर धरून ठेवणारी डोक्यातली ही जागा म्हणजे नुसती साठवण नाही. ४७ आणि ३८ची तोंडी बेरीज करताना हातचा एक धरून ठेवणं आणि बेरीज पुढे नेणं, दोन्ही तिथंच चालतं. मध्येच कुणी हाक मारली की हातचा गेला! त्याला स्मरणशक्ती कच्ची म्हणणं साफ चूक आहे.