‘ओरायन’ वर का, ‘वायवायझेड’ खाली का?

नमस्कार. रॉक-मेटलमधल्या शब्दांविना, नुसत्या वाद्यांवरच्या रचनांची मी क्रमवार यादी दिली होती, त्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचे आक्षेप दोन. रश या बँडचं ‘वायवायझेड’ वाजवायला कितीतरी अवघड असूनही मी ते चौथं ठेवलं. आणि मेटॅलिका या बँडचं ‘ओरायन’ पहिलं आलं, ते त्यांचा बास गिटार वाजवणारा क्लिफ बर्टन अकाली गेल्याच्या हळहळीपोटी.

दुसरा आक्षेप आधी घेतो, कारण तो मला लागला. बर्टन 27 सप्टेंबर 1986 ला स्वीडनमध्ये बस अपघातात गेला. ‘ओरायन’ ज्या अल्बमवर आहे तो त्याच वर्षी मार्चमध्ये आला होता. त्या सुरांत शोक कुणी घातलेला नाही, पण ऐकणारा घालू शकतो, हे मान्य. म्हणून परवा चवथीच्या आरत्यांची तालीम संपल्यावर भाच्याला दोन्ही ऐकवली. तो आमच्या गोव्यातल्या म्हार्दोळला घुमट, म्हणजे मडक्याला चामडं लावलेलं तालवाद्य, वाजवतो. मेटॅलिका त्याने ऐकलेली नाही, बर्टन कोण हेही त्याला ठाऊक नाही.

‘वायवायझेड’ सुरू झालं. वायवायझेड हा टोरांटोच्या विमानतळाचा संकेत, आणि तो इथे तारायंत्राच्या मोर्स लिपीतल्या लांब-आखूड ठोक्यांत आहे, एवढंच मी सांगितलं. लांबाला दोन, आखूडाला एक असं धरून तो मांडीवर मोजत गेला: सात, सात, सहा. ‘‘मामा, वीस. दर वेळी वीसच.’’ तीन वेळा लावायला लावलं. 1981 चं हे काम एका तालाच्या पोराला इतकं धरून ठेवतं, तर मी त्याला कमी लेखलं होतं. ही चूक माझी.

मग ‘ओरायन’. पहिली चार मिनिटं तो घुमटावर बोटं चालवत होता. चौथ्या मिनिटाच्या आसपास सगळं थांबतं आणि सहा मात्रांच्या संथ लयीत एकटा बास उरतो. तिथे त्याची बोटं थांबली, हात चामड्यावर तसाच. हळूहळू गिटारी येऊन मिळाल्या तेव्हा त्याने विचारलं, ‘‘आता हे जाणार कुठे?’’

माझा निकष हाच आहे, आणि मूळ लेखात तो मी धड मांडला नव्हता. पेटीवर नाट्यपद वाजलं तरी आपल्या मनात शब्द चालूच असतात. वाजवणाऱ्याचं अर्धं काम ते करतात. इथे ती सोय नाही. साडेआठ मिनिटं नुसत्या सुरांवर तोलायची, तर प्रत्येक तुकडा पुढच्याची ओढ लावणारा हवा. वेग मला आवडतो. पण समेवर न येणारी तान कितीही दाणेदार असली तरी बैठकीत लोक अस्वस्थ होतात, तसंच माझं होतं. ‘ओरायन’मध्ये पुढे एक सोलो आहे, गिटारचा वाटतो, पण तो बास आहे, तोही मधल्या त्या शांततेतूनच उगवल्यासारखा येतो. मधलं काढून पाहा, पुढचं उभं राहत नाही.

‘इरप्शन’ यादीत नाही, हेही तुम्ही विचारलंत. गिटारवादक एडी व्हॅन हेलनच्या त्या पावणेदोन मिनिटांनी 1978 नंतर गिटार वाजवायची रीत बदलली. पण ते एकट्या गिटारचं दर्शन आहे, बँडने बांधलेली रचना नव्हे. वेगळ्या लेखात घेईन.

‘वायवायझेड’ आता दुसरं. गिटारवादक स्टीव्ह वायचं ‘फॉर द लव्ह ऑफ गॉड’ तिसऱ्यावर सरकवलं, त्याचं मला वाईट वाटतंय. ‘ओरायन’ मात्र हलवत नाही. हेडफोन लावून चौथ्या मिनिटापासून फक्त बास धरून ऐका आणि मग लिहा.