दीड दिवसात रामोजी? वंदे भारतच्या भरवशावरचा चुकीचा हिशेब

उन्हाळी सुट्या जवळ आल्या की नागपुरातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश हमखास फिरू लागतो. हैदराबादची रामोजी फिल्म सिटी पाहण्यासाठी आता तीन-चार दिवस मोडण्याची गरज उरलेली नाही, असे तो सांगतो. गर्दी टाळण्यासाठी सोमवारी पहाटे वंदे भारतने निघावे, दुपारी रामोजीत पोचावे, संध्याकाळपर्यंत सगळे पाहून होते; आतल्या महागड्या हॉटेलांच्या नादी न लागता सिकंदराबाद स्टेशनजवळ लॉज घ्यावा आणि मंगळवारी त्याच गाडीने परतावे. मुलांचे अर्धे तिकीट, डबा घरचा, त्यामुळे चौघांचे काम आठ हजारांत भागते. आणि मे महिन्यात जायला हरकत नाही, कारण हैदराबाद आपल्यापेक्षा थंड असते. संदेश आटोपशीर आहे आणि त्यातली बरीच वाक्ये सुटी सुटी घेतली तर निम्मी-अर्धी खरीही आहेत. ती एकमेकांना जोडली की मात्र बेत उभा राहत नाही.

सर्वांत आधी वाराच पाहावा. नागपूर–सिकंदराबाद वंदे भारत सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हापासून ती मंगळवार सोडून आठवड्याचे सहा दिवस धावते. सोमवारी जाऊन मंगळवारी त्याच गाडीने परतण्याचा सल्ला जो पुढे पाठवतो, त्याने आरक्षणाचे पान एकदाही उघडून पाहिलेले नाही, एवढे तरी यावरून निश्चित होते. मधल्या वारी जाऊन गर्दी टाळण्याचा विचार चुकीचा नाही. बुधवारी जाऊन गुरुवारी परत, असे लिहिले असते तर निदान गाडी तरी मिळाली असती.

पण गाडी मिळूनही वेळ मिळत नाही, हा या संदेशातला खरा दोष आहे. गाडी नागपूरहून पहाटे ५ वाजता सुटते आणि सिकंदराबादला दुपारी सव्वाबाराच्या सुमारास पोचते. सुमारे पावणेसहाशे किलोमीटर सव्वासात तासांत, हे कौतुकास्पदच आहे. मात्र रामोजी फिल्म सिटी सिकंदराबादमध्ये नाही. ती शहराच्या पूर्वेला, विजयवाडा महामार्गावर, हयातनगरच्याही पुढे अनाजपूरच्या हद्दीत आहे. स्टेशनापासून अंतर पस्तीस-चाळीस किलोमीटर भरते आणि त्यातला बराच भाग भरवस्तीतून जातो. सामान उचलणे, टॅक्सी ठरवणे, वाटेत वाहतुकीत अडकणे हे सगळे धरले तर प्रवेशद्वाराशी पोचायला दोन वाजतात. तिथून पुढेही तिकिटाची रांग असते आणि प्रवेशद्वारापासून मुख्य परिसरापर्यंत संस्थेच्या बसने जावे लागते, कारण तो भाग फाटकाला लागून नाही. एरवीच्या दिवसांत पर्यटकांसाठीची वेळ सकाळी ९ ते सायंकाळी साडेपाच अशी असते. म्हणजे पहाटे तीनला उठलेल्या मुलांच्या हाती उरतात जेमतेम तीन तास, तेही दिवसाच्या सर्वांत तापलेल्या वेळेचे. दुसऱ्या दिवसाचा विचारच नको, कारण परतीची गाडी सिकंदराबादहून दुपारी १ वाजता सुटते आणि तिच्यासाठी सकाळी दहा-साडेदहालाच रामोजी सोडावे लागेल. संदेश लिहिणाऱ्याने प्रवासाचे तास मोजले, फाटक उघडे असण्याचे तास मोजले नाहीत. आणि अशा सहलीत पैसे मोजायचे असतात ते या दुसऱ्या तासांसाठी.

गाडी वाईट आहे असा याचा अर्थ नाही. ती जाण्यासाठी गैरसोयीची आणि परतण्यासाठी उत्तम आहे. जाताना रात्रीचा प्रवास करून सकाळी हैदराबादला पोचवणारी गाडी घ्यावी, तो संपूर्ण दिवस रामोजीत घालवावा, रात्री तिथेच किंवा जवळपास मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी न्याहारी आटोपून दुपारच्या वंदे भारतने निघावे. रात्री सव्वाआठ-साडेआठच्या सुमारास नागपूर स्टेशनावर उतरता येते. सुटी तेवढीच लागते, फक्त एक रात्र रुळांवर जाते. आरक्षण करताना गाडी कोणत्या स्टेशनावर उतरवते तेही पाहावे, कारण जानेवारी २०२५ मध्ये चर्लपल्लीचे नवे टर्मिनल सुरू झाले आहे आणि ते शहराच्या पूर्व बाजूला असल्याने तिथून रामोजी सिकंदराबादपेक्षा जवळ पडते.

स्वतःच्या मोटारीने जाणाऱ्यांना हाच संदेश ‘सहा तासांत’ म्हणून मिळतो. हिंगणघाट, पांढरकवडा, आदिलाबाद, निर्मल, कामारेड्डी असा सुमारे पाचशे किलोमीटरचा हा रस्ता चांगला असला, तरी मुलांसह थांबत थांबत आठ-नऊ तास धरावेत. एक गोष्ट मात्र उपयोगाची आहे : मेडचलजवळ बाह्य वर्तुळाकार मार्ग, म्हणजे हैदराबादकर ज्याला ओआरआर म्हणतात तो, पकडून घटकेसरवरून पेद्दा अंबरपेटला उतरले तर हैदराबाद शहरात शिरावेच लागत नाही.

अर्ध्या दिवसात ‘सगळे’ पाहून होते, हा दावा थोडा सविस्तर तपासायला हवा, कारण तो करणारे बहुतेक जण खोटे बोलत नसतात. १९९६ मध्ये सुरू झालेली ही नगरी १,६६६ एकरांवर पसरलेली आहे आणि जगातले सर्वांत मोठे चित्रपटनिर्मिती संकुल म्हणून गिनीज बुकात तिची नोंद आहे. ज्यांनी अर्धा दिवस घालवला, त्यांनी सहसा संकुलातल्या लाल बसमधली फेरी केलेली असते. परदेशी वाटणारे रस्ते, खोटे विमानतळ, खोटे रेल्वेस्थानक, कारागृह, पौराणिक मालिकांचे महाल, बागा, असे सगळे त्या फेरीत दिसते, आणि ‘बाहुबली’साठी उभारलेला भव्य सेट पाहण्यासाठी तर लोक मुद्दाम उतरतात. पण ही झाली बाजू पाहण्याची. चित्रपट कसा तयार होतो हे प्रेक्षकांतल्याच काहींना पुढे बोलावून, त्यांच्यावर चित्रीकरण करून, आवाज चढवून दाखवणारा ‘मूव्ही मॅजिक’ हा भाग, स्टंट शो, नृत्याचा रंगमंचीय कार्यक्रम, लहानग्यांसाठीचे फंडुस्तान, पक्षी उद्यान आणि फुलपाखरांची बाग हे सर्व त्या बसफेरीच्या बाहेर राहते. त्यातच रंगमंचीय कार्यक्रमांच्या वेळा ठरलेल्या असतात. दुपारी दोनला आत शिरलेल्या कुटुंबाचे त्यांतले काही आधीच होऊन गेलेले असतात. सकाळी आत गेल्याबरोबर त्या दिवसाचे वेळापत्रक हाती घेऊन, आधी कार्यक्रम पक्के करून उरलेल्या फटींत बाकीचे बसवणे, हीच इथे दिवस लावण्याची रीत आहे.

याच संदर्भात एक गोष्ट संदेशवाल्यांच्या बाजूनेही सांगितली पाहिजे. रामोजी हा मुळात स्टुडिओ आहे, पाळण्यांचे उद्यान नंतर. घरात पंधरा-सोळा वर्षांची मुले असतील आणि त्यांना पोटात गोळा आणणारे रोलर कोस्टर हवे असतील, तर त्यांची निराशाच होण्याचा संभव अधिक. त्यांच्यासाठी त्याच रिंग रोडवर रविर्यालजवळ २०१६ पासून वंडरला हे पाळण्यांचे उद्यान आहे. दोन्ही एकाच दिवसात उरकण्याच्या सूचना वाचून मात्र हात जोडावेसे वाटतात.

मुक्कामाच्या प्रश्नावर ‘आतले हॉटेल म्हणजे लूट’ हे वाक्य विचार न करता लिहिलेले दिसते. संकुलात सिताऱ्यापासून तारा, शांतिनिकेतन आणि सामूहिक निवासाच्या सहारापर्यंत वेगवेगळ्या दरांच्या सोयी आहेत, आणि मुक्कामाच्या पॅकेजमध्ये बहुधा प्रवेशही धरलेला असतो. स्टेशनजवळचा लॉज स्वस्त खराच. पण तिथून दोन्ही वेळच्या टॅक्सीचे भाडे आणि जाण्यायेण्यात गेलेले दोन-तीन तास त्यात मिळवल्यावर फरक किती उरतो, हे कागदावर मांडून पाहावे. सालारजंग संग्रहालय, चारमिनार, गोवळकोंडा हेही करायचे असेल तर शहरातच राहणे योग्य, यात वाद नाही. निव्वळ रामोजीसाठी जाणाऱ्याला आतले हॉटेल परवडत नसेल, तर हयातनगर किंवा एलबी नगरचा परिसर सिकंदराबादपेक्षा कितीतरी सोयीचा आहे. एलबी नगरपर्यंत मेट्रोही येते.

आठ हजारांचा आकडा तर पहिल्याच ओळीत कोसळतो. वंदे भारतच्या चेअर कारचे भाडे माणशी दीड हजारांच्या आसपास आहे, म्हणजे चौघांचे जाण्यायेण्याचेच बारा हजारांच्या घरात जातात. मुलांच्या अर्ध्या तिकिटाचा आधार येथे चालत नाही. ५ ते ११ वर्षांच्या मुलांना स्वतंत्र बर्थ न घेता निम्म्या भाड्यात नेण्याची सवलत शयनयान किंवा थ्री-टियर एसीसारख्या वर्गांत मिळते, चेअर कारमध्ये ती नाही. तिथे मुलाची जागा ही पूर्ण भाड्याचीच. पाच वर्षांखालील मूल मांडीवर घेऊन विनातिकीट जाऊ शकते. रामोजीचे प्रवेशशुल्क प्रौढांना माणशी हजाराच्या वरच पडते. त्यामुळे जाताना रात्रीच्या गाडीचा पर्याय वेळेबरोबर पैशाच्या दृष्टीनेही सरस ठरतो. घरच्या डब्याचे म्हणाल तर बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेऊ देत नाहीत. तान्ह्या बाळाच्या खाण्याचा तेवढा अपवाद असतो. पुऱ्या आणि तिखट-मिठाचा चिवडा गाडीतच संपवावा आणि आतल्या जेवणाचे पैसे अंदाजपत्रकात आधीच धरावेत.

शेवटी मे महिना. हैदराबाद समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, नागपूर तीनशेच्या जरा वर; त्यामुळे तिथला पारा आपल्यापेक्षा दोन-तीन अंशांनी खाली राहतो हे खरे आहे. पण चाळीसच्या आसपासच्या तापमानात उघड्या आवारात दिवसभर चालणे हे घरात कूलर लावून बसण्यासारखे नसते, आणि मेमध्ये तेलंगणातल्या शाळांनाही सुटी असल्याने गर्दीही भरपूर असते. विदर्भातल्या पालकांकडे एक संधी अशी आहे जी पुण्या-मुंबईच्या पालकांकडे नाही. तेलंगणातल्या शाळा साधारणपणे १२ जूनला उघडतात, उर्वरित महाराष्ट्रातल्या राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्याला, तर विदर्भातल्या शाळा उन्हामुळे त्यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांनी. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यातले ते मधले वार रामोजीसाठी सर्वांत मोकळे असतात. सीबीएसई शाळांचे वेळापत्रक निराळे असू शकते, ते आधी तपासून घ्यावे. तोवर हैदराबादला पावसाळा लागलेला असतो, त्यामुळे बसफेरी सकाळीच उरकून घ्यावी आणि छपराखालचे कार्यक्रम दुपारनंतरसाठी राखून ठेवावेत.