साहेबांच्या कॉलेजात राज्यशास्त्र

राज्यशास्त्रात एम.ए. झालात, सेट झाली, नेटही झाली. तालुक्याच्या गावी एका अनुदानित कॉलेजात तासिका तत्त्वावर वर्णी लागली आहे आणि आता आपण राजकारणाचा अभ्यास करणार असे तुमच्या डोक्यात आहे. पहिला पगार हातात पडायच्या आत हे खूळ काढून टाका. सीएचबीचा, म्हणजे या तासिका तत्त्वाचा, पहिला पगार कधी पडतो हे कुणालाच ठाऊक नसते, म्हणजे मुदत भरपूर आहे.

आधी आजूबाजूला नीट बघून घ्या. कॉलेजच्या कमानीवर ज्यांच्या वडिलांचे नाव आहे ते साहेब साखर कारखान्याचे चेअरमन. जिल्हा बँकेत त्यांचे पॅनेल, दूध संघ मेहुण्यांकडे, आमदारकीला कधी ते स्वतः, कधी चिरंजीव. 1950 च्या सुमारास प्रवरानगरला पहिला सहकारी कारखाना उभा राहिला. 1983 मध्ये वसंतदादांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग आणि मेडिकल कॉलेजांना दार उघडून दिले. ऊस, कर्ज, अॅडमिशन आणि मत हे चारही एकाच घराच्या अंगणात कसे आले, हे ज्याला नीट मांडता येईल त्याने निम्म्या महाराष्ट्राचे राजकारण मांडले म्हणून समजा. तुम्ही ते मांडू नका. सामग्री दारात आहे, मुलाखतीला लागणारी माणसे रोज भेटतात, प्रवासखर्च शून्य. अडचण एवढीच की ज्यांचा अभ्यास करायचा, तुमच्या नेमणूकपत्रावर सही त्यांचीच आहे.

कायम होण्याच्या मुलाखतीत विषयतज्ज्ञ इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जवर प्रश्न विचारतील आणि संस्थेचे प्रतिनिधी ‘पाहुणे कुठले?’ असे विचारतील. तयारी दुसऱ्या प्रश्नाची करून जा. हॉब्जच्या करारात माणूस आपले हक्क सार्वभौमाच्या हवाली करतो आणि बदल्यात जिवंत राहण्याची हमी मिळवतो. आपल्याकडचा करार थोडा महाग पडतो, कारण हक्कांबरोबर वडिलांचा जमिनीचा तुकडाही द्यावा लागतो. पण पलीकडे सातव्या वेतन आयोगाचे 57,700 मूळ वेतन आणि वर महागाई भत्ता आहे, म्हणून लोक सही करतात. द्यायचा आकडा कुणाला विचारू नये. तो आपोआप कानावर येतो.

आता वर्गाचे. वर्गात निम्मी मुले एमपीएससीवाली असतात, निम्मी गैरहजर असतात, आणि हे दोन गट बरेचसे एकच असतात. त्यांना राज्यपाल व्हायला 35 वर्षे पूर्ण लागतात हे तोंडपाठ असते. 23 नोव्हेंबर 2019 च्या पहाटे पावणेसहाला राष्ट्रपती राजवट उठली आणि आठच्या सुमारास राजभवनावर शपथविधी उरकला, तेव्हा राज्यपालांना कोणता अधिकार कुठल्या कलमाने होता, असे एखादे अगोचर पोर विचारेल. त्याला म्हणावे, ‘चांगला प्रश्न आहे, पण पेपरला येत नाही.’ त्याहून अगोचर असेल ते विचारेल, ‘सर, एक तृतीयांश आमदार फुटले तर चालायचे, ती सोय 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीने काढून टाकली. मग 2022 पासून आपल्याकडे जे चाललंय ते काय?’ अशा वेळी फळ्याकडे वळून पक्षांतरबंदी कायद्याचे गुण लिहावेत, मग दोष लिहावेत, आणि दोष संपायच्या आत घंटा होईल असा वेग ठेवावा. पंचायतराज शिकवताना ‘स्थानिक स्वराज्य ही लोकशाहीची पाठशाळा होय’ हे वाक्य लिहून द्या. मुंबईसह कितीतरी महापालिका 2022 पासून वर्षानुवर्षे प्रशासकाच्या हाती होत्या, म्हणजे पाठशाळेला लांबलचक सुट्टी होती, ही नोंद वहीत नको.

पीएच.डी.शिवाय बढती नाही, तेव्हा विषय निवडावा लागेल. यात घाबरण्यासारखे काही नाही. विषय आधीच तयार असतो, फक्त जिल्हा बदलायचा असतो. ‘अमुक जिल्ह्यातील पंचायतराज व्यवस्थेत महिलांचा राजकीय सहभाग : एक चिकित्सक अभ्यास.’ शेवटचे तीन शब्द राहिले तर सिनॉप्सिस परत येतो. पहिले प्रकरण प्रस्तावनेचे, ते बलवंतराय मेहता समितीपासून (1957) सुरू होते आणि वसंतराव नाईक समितीवरून 73 व्या घटनादुरुस्तीपर्यंत येता येता दमते. मग जिल्ह्याची ओळख. यात सरासरी पर्जन्यमान, मृदेचे प्रकार, प्रमुख नद्या आणि प्रेक्षणीय स्थळे घाला. बायकांच्या सहभागाचा काळ्या मातीशी काय संबंध, हे आजवर कुठल्याही व्हायव्हात कुणी विचारलेले मी ऐकले नाही.

खरी मजा प्रश्नावलीत आहे. तुम्ही सरपंचबाईंच्या घरी जाल. दारातच त्यांचे यजमान भेटतील. यांना गावात ‘सरपंच’ म्हणतात आणि सरपंचांना ‘वहिनी’ म्हणतात. यजमान खुर्ची देतील, चष्मा लावतील आणि तुमच्या हातातला कागद मागून घेतील. ‘आपण ग्रामसभेत स्वतंत्रपणे निर्णय घेता काय?’ यापुढे ते ठामपणे ‘होय’वर खूण करतील. ‘निर्णयप्रक्रियेत कुटुंबातील पुरुषांचा हस्तक्षेप होतो काय?’ यापुढे तितक्याच ठामपणे ‘नाही’वर. तोवर सरपंच आतून चहा घेऊन येतील. अशा पंचवीस-तीस घरी चहा पिऊन झाला की गोल तक्ता काढा, चार रंग भरा, ‘महिलांचे सक्षमीकरण झाले आहे हे गृहीतक सिद्ध होते’ असे खाली लिहा. गृहीतक फसल्याचा प्रबंध लिहिलात तर गाईड तुम्हाला बाजूला घेऊन विचारतील, ‘घरी काही टेन्शन आहे का?’ 2011 मध्ये महाराष्ट्राने पंचायतींत बायकांना 50 टक्के जागा दिल्या आणि काही गावांत खरोखरच बायांनी नवऱ्याला कट्ट्यावर बसवून कारभार हाती घेतला. ते कसे घडले, हा शोधण्यासारखा विषय आहे. पण त्यासाठी यजमान शेतावर गेल्यावर पुन्हा त्या घरी जावे लागते, आणि तेवढ्या वेळात दोन पेपर छापून होतात.

पेपर छापण्याबद्दल थोडक्यात. फी भरा, पावती जपा. यूजीसीची मान्य संशोधनपत्रिकांची ‘केअर’ यादी 2019 मध्ये आली तेव्हा सगळे तीत शिरायला धावले. 2025 मध्ये यूजीसीने ती बंद केली तेव्हा धावायचे कुठे म्हणून सगळे थांबले. तुम्ही कधीच धावला नसाल तर तुमचे काहीच बिघडले नाही.

मतदानाच्या वेळी तुम्हाला केंद्राध्यक्षाची ऑर्डर येईल, ती रद्द करून घेण्यासाठी वशिला लावू नका. पेटीऐवजी यंत्र आले, व्हीव्हीपॅट आले, सकाळी मॉकपोलला, म्हणजे चाचणी मतदानाला, किमान पन्नास मते टाकून दाखवायची, संध्याकाळी मतांच्या हिशेबाचा 17-क नमुना भरून प्रती एजंटांना द्यायच्या. रात्री अकराला साहित्य जमा करताना रांगेत उभे असाल तेव्हा लक्षात येईल की प्लेटोनंतर राज्यशास्त्राचे एवढे प्रॅक्टिकल तुम्ही पहिल्यांदाच केले. या अनुभवावर काही लिहावेसे वाटेल. नका लिहू.

लिहिणाऱ्यांचे काय होते ते पाहा. अकरावीच्या एनसीईआरटीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात शंकर यांचे नेहरू आणि आंबेडकरांवरचे 1949 सालचे एक व्यंगचित्र होते. 2012 च्या मे महिन्यात त्यावरून संसदेत गदारोळ झाला, सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी या पुस्तकांचे सल्लागारपद सोडले, आणि लगेच पुणे विद्यापीठात पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. 2023 मध्ये त्याच पुस्तकांतली पाने गाळली गेली तेव्हा या दोघांना ‘आमची नावे तरी काढा’ म्हणून पत्र लिहावे लागले. 2025 च्या मेमध्ये सोनिपतच्या अशोका विद्यापीठातले राज्यशास्त्राचे विभागप्रमुख अली खान महमूदाबाद यांना समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून अटक झाली आणि अंतरिम जामिनासाठी थेट सर्वोच्च न्यायालय गाठावे लागले. आता याउलट आपल्या बाजूला बघा. काळ्या मातीवर प्रकरण लिहिणाऱ्या एकाही प्राध्यापकाच्या केबिनची काच फुटलेली नाही.

यथावकाश तुम्ही डॉक्टर व्हाल. मग प्रबंधाचे पुस्तक करा आणि प्रकाशन साहेबांच्याच हस्ते ठेवा, कॉलेजच्या सभागृहात, कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची टीम यायच्या महिनाभर आधी, म्हणजे फोटो अहवालात जातो. विषय महिलांचा असल्याने अध्यक्षस्थानी साहेबांच्या सूनबाई असाव्यात, त्या जिल्हा परिषदेच्या माजी अध्यक्षा आहेत. त्यांचे भाषण कुणी लिहायचे ही काळजी करू नका, ते तुम्हीच लिहिणार आहात. पुस्तक कोणी वाचणार नाही, त्यामुळे छपाईच्या चुकांवर रात्री जागवू नका. पत्रिका मात्र सगळे वाचतात. तिच्यावर चिरंजीवांचे नाव पुतण्यांच्या खाली गेले तर पुढची वेतनवाढ कुठल्या टेबलावर अडकेल ते सांगता येत नाही. तेव्हा छापायला टाकण्याआधी मसुदा एकदा वाड्यावर दाखवून आणा.